सतराव्या पानावरचा हात

१

अल्बमच्या सतराव्या पानावर एक हात होता. कन्हैयालाल बिसेनांच्या डाव्या खांद्यावर, चार बोटं पुढे, त्यातल्या एका बोटात पुष्कराजाची अंगठी. हातामागे मनगट होतं, मनगटामागे क्रीम रंगाची वीतभर बाही होती, आणि बाहीच्या मागे मांडवाचा गुलाबी पडदा. माणूस नव्हता.

"हा माहा हात आहे," भुवनेश्वर म्हणाले. "मंग मी कुठी आहो?"

आमच्या दवनीवाड्यात लग्नाचा अल्बम घरी आला की तो एकट्यानं कोणी पाहत नाही. सतरंजी अंथरतात, चहा ठेवतात, शेजारपाजार बोलावतात, आणि मग प्रत्येक जण नवरीकडे न पाहता स्वतःला मोजतो. आपण किती फोटोत, आणि जाऊबाई किती फोटोत. मीही मोजलं. माझे अकरा. त्यातल्या चारांत मी जेवत होते, आता त्याला काय इलाज?

लग्न कन्हैयालालांच्या धाकट्या मुलीचं, योगेश्वरीचं होतं, मे महिन्यात झालेलं. भुवनेश्वर रहांगडाले हे त्यांचे मोठे जवाई, तिरोड्याचे. जवाई म्हणजे घरचा मानाचा माणूस, त्यात मोठे. त्यांनी साठ पानं पुढून मागे पाहिली, मग मागून पुढे. चारशे फोटो. बँडवाले होते, आचारी होता, नवरदेवाचा झिंगलेला काका सात वेळा होता. जवाई नव्हते.

"मले मिटवलं," ते उठून उभे राहिले. "जिताजागता माणूस मिटवला! हे आपोआप नाही होत. आपोआप होते तं हात कायले ठेवला असता?"

खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला. नवरीचा भाऊ खुशाल मात्र खाली मान घालून हसू दाबत होता, आणि ते मी पाहिलं.

"शनिवारी मी वापस येतो," भुवनेश्वर दारातून म्हणाले. "ज्यानं केलं त्याचं नाव पाहिजे. नाही भेटलं, तं तिरोड्यापासून आमगावपर्यंत या टिकेशले एक लगन भेटू देणार नाही!"

टिकेश कटरे म्हणजे आमच्या गावचा फोटोवाला. अल्बम तोच घेऊन आला होता, बायकोसकट, कौतुक ऐकायला. त्याचा चेहरा पडला. त्यानं हात जोडले.

"जी, माह्या स्टुडिओतल्या कोणी केलं असंल, तं त्याचा हात पुन्हा कम्प्युटरले लागू देणार नाही. आईची आन!"

स्टुडिओत माणसं दोनच. एक टिकेश आणि दुसरी त्याची बायको, चेतना. चेतनानं चहाचा भरलेला कप न पिताच खाली ठेवला.

तिथंच मी ठरवलं की हा तपास मी करणार. मला कोणी सांगितलं नव्हतं, पण कोणी सांगायची वाट मी कधी पाहत नाही.

२

मी शकुंतला तुरकर. जिल्हा परिषदेच्या शाळेत तेहतीस वर्षं चौथीचा वर्ग सांभाळला. पेन्सिल कोणी चोरली, खडू कोणी खाल्ला, मास्तरांच्या सायकलची हवा कोणी सोडली, हे मी नुसत्या कानांच्या रंगावरून सांगत असे. टिकेश आणि खुशाल दोघंही माझ्या हाताखालून गेलेले. दोघांचेही कान मला पाठ आहेत.

निवृत्तीच्या पैशातून मी कॅमेरा घेतला. धानाच्या बांधीतल्या सारसांचे फोटो काढायचे होते. फोटो आले, पण सारस राखाडी आणि आभाळही राखाडी, पाहणाऱ्यानं शोधत बसावं. टिकेश म्हणाला, "बाई, फोटो काढणं अर्धं काम आहे. अर्धं एडिटिंग." म्हणून मी या वयात रोज दुपारी त्याच्या स्टुडिओत शिकायला जाऊ लागले, आणि तिथं मला चेतना भेटली.

सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं यावरून त्या घरात तीन महिने वाद चालला होता. टिकेशकडे एक जुनं होतं, गोंदियाच्या कोण्या दुकानदारानं पेन ड्राइव्हमध्ये भरून दिलेलं. ते दर दोन तासांनी बंद पडे आणि पडताना इंग्रजीत काहीतरी टाकून बोले. दुसरं फुकट होतं, पण त्यात इतकी बटणं की मी पहिल्याच दिवशी सारस उलटा टांगला आणि तो आठवडाभर सरळ झाला नाही. तिसरं महिन्याच्या भाड्याचं, पहिले तीस दिवस वापरून पाहायचं, आणि म्हणे स्वतः विचार करणारं.

"मशीनले कायले विचार करू द्यायचा?" टिकेश म्हणे. "मी आहो न!"

चेतना स्वयंपाक उरकून मोबाइलवर हिंदी व्हिडिओ लावायची आणि वहीत टिपणं काढायची. मला लेयर म्हणजे काय ते कोणी समजावू शकलं नव्हतं. ती म्हणाली, "बाई, घडीच्या पोळीचे पदर. वरचा सोलला तरी खालचा तसाच राहते." समजलं! तेहतीस वर्षं शिकवून मला असं सांगता आलं नसतं. एका महिन्यात तिनं तिन्ही पारखली आणि तिसरं निवडलं. टिकेशला अजून कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये चार बटणांपलीकडे येत नाही, पण खुर्ची त्याची. तो लग्नाला बाहेर गेला की मगच ती खुर्चीवर बसायची, आणि बसली की तिची पाठ कशी ताठ होते ते पाहण्यासारखं असे. ती खुर्ची आता जाणार होती, कारण टिकेशनं आईची आन घेतली होती.

मी कन्हैयालालांकडून अल्बम मागून आणला आणि भिंग घेऊन बसले. पान नऊ, पान बारा, पान वीस. पान एकतीसवर माझं भिंग थांबलं.

पंगत बसली होती. लोक जेवत होते. आणि पंगतीच्या मधोमध, जमिनीपासून दोन हात वर, जिलब्यांनी भरलेलं ताट हवेत उभं होतं. त्याला धरणारं कोणी नव्हतं.

३

ताट कोणाचं, हे विचारायला मी आचाऱ्याकडे गेले. त्यानं फोटो पाहिला आणि दोन पावलं मागे सरकला.

"ताट तं आमचंच आहे जी. जिलबी उदाराम वाढून राहिला होता. पण उदाराम कुठी आहे यात?"

उदाराम अल्बममध्ये कुठंच नव्हता. कोणी तक्रार केली नव्हती, कारण वाढप्याला अल्बम दाखवायला कोणी बोलावत नाही. म्हणजे मिटलेली माणसं दोन होती.

मग मी खुशालला गाठलं. तो खत उतरवत होता.

"हसलास काऊन त्या दिवशी?"

त्याचे कान तांबडे झाले. "बाई, सांगतो, पण बाबाले नका सांगू. जीजाजीचं आन् माहं पत्रिकेवरून वाजलं होतं. पत्रिकेत त्याइचं नाव तिसऱ्या नंबरवर छापून आलं. माह्या खाली. मंग काय, दोन दिवस रुसून होते. हळदीत नाही बोलले, जेवले बी बाजूले बसून."

"आणि तू स्टुडिओत गेला होतास. दोनदा."

"फोटो निवडाले! तुमची शपथ बाई, मिटवता आलं असतं तं मिटवलंच असतं. पण मले मोबाइलवरचा आडवा फोटो उभा करता नाही येत."

हे खरं होतं. चौथीत त्याला नकाशा उलटा लावण्याबद्दल मी चार वेळा कान धरून उभं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी एसटीनं तिरोड्याला गेले. भुवनेश्वर ओसरीत बसले होते. त्यांची बायको ओमेश्वरी, म्हणजे कन्हैयालालांची थोरली, तिनं पाणी आणलं.

"तुम्ही फोटोच्या वेळी कुठं उभे होतात?" मी विचारलं.

"समोर!" ते म्हणाले. "हरेक फोटोत समोर. चांगला हसून राहिलो होतो."

ओमेश्वरी पदर तोंडाशी नेऊन आत गेली. मीही पाणी ठेवायचं निमित्त करून मागे गेले.

"लग्नातून आल्यावर तब्येत बरी होती त्यांची?"

"तब्येतीले काय धाड भरली, बाई? मान आखडली होती. आठ दिवस तेल चोळलं. डाव्या बाजूले पाहताच येत नव्हतं."

"कशानं आखडली?"

"मले काय माहीत," ती म्हणाली, आणि चुलीकडे वळून खांदे हलवत हसू लागली.

एसटीत परत येताना मी वहीत तीन गोष्टी लिहिल्या. हात. ताट. मान. आणि गावाची पाटी दिसायच्या आत मला उत्तर कळलं होतं. कळलं आणि मनातून वाईट वाटलं, कारण त्या उत्तरात चेतनाही होती.

४

शुक्रवारी दुपारी टिकेश कोणाच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, फोटो काढायला गेला होता. स्टुडिओत चेतना एकटी होती, पण खुर्चीवर बसली नव्हती. बाजूच्या स्टुलावर बसून कम्प्युटरच्या बंद पडद्याकडे पाहत होती.

"चेतना, या सॉफ्टवेअरमध्ये नको असलेलं काढून टाकायचं काही आहे का?"

"आहे," ती हळूच म्हणाली. "तारा, खांब, कचरा."

"आणि माणसं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि रडायलाच लागली. मी तिला रडू दिलं. मग ती बोलली ते एका दमात बोलली. सीझन होता, टिकेश रोज बाहेर, सातशे फोटो तीन दिवसांत व्हायचे होते. तिनं आधी सॉफ्टवेअरला चांगले-वाईट निवडायला सांगितलं. डोळे मिटलेले, हललेले बाजूला पडले. उरलेल्यांचे रंग सुधारले. आणि मग एक खूण केली: मागचा पसारा काढा, सगळ्या फोटोंतून, एकदम.

"मले वाटलं, फक्त खांब आन् विजेच्या तारा जातील. मागची माणसं बी जातात हे दुसऱ्या व्हिडिओत होतं. तो मी नंतर पाहिला. आन् मी भुवनेश्वरजीले कधी पाहिलंच नव्हतं बाई. मी तं लग्नाले गेली नव्हती, इथं बसली होती. कोण गेला, कोण राहिला, मले काय समजणार?"

"टिकेशला सांगितलंस?"

"कसं सांगू? आन घेतली न त्यानं. ही खुर्ची गेली तं मंग मी..." ती थांबली. "मले हेच एक येते, बाई."

माझा जीव तुटला. शाळेत मी शेकडो मुलींना शिकवलं, त्यातल्या किती जणींच्या हातचं काम लग्नानंतर सुटलं ते मी मोजायचं सोडून दिलं आहे.

"रडू नकोस. बटण तू दाबलंस, मान्य. पण मांडवात तीनशे माणसं होती. मशीननं हीच दोन का काढली? याचं उत्तर मला माहीत आहे, पण दाखवायला पुरावा पाहिजे. मूळ फोटो कुठं आहेत?"

"नाहीत," ती म्हणाली. "जुन्यावरच नवं सेव्ह झालं. कॅमेऱ्यातलं कार्ड त्यानं पुसून दुसऱ्या लग्नाले वापरलं."

म्हणजे पुरावा संपला होता. उद्या शनिवार. भुवनेश्वर 'मी समोर होतो' म्हणणार आणि जवाईला खोटं कोण पाडणार? मी निघाले, दारापर्यंत गेले, चप्पल पायात घातली, आणि तेहतीस वर्षांची सवय आडवी आली.

"चेतना, तू चांगले फोटो निवडलेस म्हणालीस. मग जे निवडले नाहीत, ते कुठं आहेत?"

"ते फोल्डर वेगळं आहे. त्याले काहीच नाही केलं." ती थोडी लाजली. "तुम्ही शाळेतल्या बाई म्हणून मी त्याचं नाव 'नापास' ठेवलं."

मी चप्पल काढली आणि आत आले.

"उघड."

५

शनिवारी कन्हैयालालांच्या अंगणात तीच सतरंजी पडली. भुवनेश्वर खुर्चीवर, ओमेश्वरी मागे, खुशाल भिंतीला, कन्हैयालाल मधोमध. टिकेश समोरच्या स्टुलावर लॅपटॉप मांडून दुसऱ्या खुर्चीत बसला होता, का ते त्याला माहीत नव्हतं. चेतना त्याच्या मागे उभी होती.

"आधी एक सांगा," मी म्हटलं. "जवाईंशी वैर कोणाचं?"

सगळ्यांनी खुशालकडे पाहिलं. खुशालनं भिंतीकडे पाहिलं.

"बरं. आता हे सांगा, उदारामशी वैर कोणाचं?" मी एकतिसावं पान उघडलं. जिलब्यांचं ताट पाहून कन्हैयालालांनी कपाळाला हात लावला. "उदारामनं सगळ्यांना पोटभर जिलबी वाढली. त्याचं वाईट कोण चिंतेल? तोही मिटला. म्हणजे हे वैरातून झालेलं नाही. ज्यानं मिटवलं त्याला माणूस कोण ते माहीतच नव्हतं. मग या दोघांत सारखं काय? उदाराम वाकून वाढत होता. कॅमेऱ्याकडे त्याची पाठ होती. हे नवं सॉफ्टवेअर पाठ पाहून काम करतं. जो कॅमेऱ्याकडे पाहतो तो पाहुणा, जो पाठ करून उभा तो पसारा. पाहुणा ठेवायचा, पसारा झाडायचा. नवरदेवाचा काका झिंगलेला होता, पण सातही वेळा दात काढून समोर पाहत होता. तो राहिला."

"मंग मी कायले मिटलो?" भुवनेश्वर ओरडले. "मी तं समोर..."

"तुमची मान कशानं आखडली होती?"

मागून ओमेश्वरीचा एक बारीक आवाज आला, तो खोकला नव्हता.

"टिकेश, नापास फोल्डर उघड. याला मशीननं हात लावला नाही."

पडद्यावर पहिला फोटो आला. हळद. सगळे पिवळे, सगळे हसताहेत, आणि डाव्या कोपऱ्यात क्रीम कुर्ता घातलेली एक पाठ. दुसरा फोटो, वरात. पाठ. तिसरा, अक्षता. पाठ आणि एक कान. मग सतराव्या पानावरचाच फोटो, दोन सेकंद आधी काढलेला, नवरदेवाचे डोळे मिटले म्हणून नापास झालेला. कन्हैयालाल जवाईला ओढून जवळ घेताहेत. जवाईंनी हात खांद्यावर ठेवला आहे, कारण सासऱ्याचा मान ठेवायला पाहिजे. आणि तोंड गरकन उजवीकडे फिरवलं आहे, कारण पत्रिकेत नाव तिसऱ्या नंबरवर आहे.

"हात सासऱ्याच्या खांद्यावर होता, म्हणून मशीनला तो सासऱ्याचा वाटला. तो ठेवला. बाकीचे तुम्ही स्वतःच निघून गेला होतात, जवाई. दोन दिवस, मान आखडेपर्यंत."

पहिली ओमेश्वरी हसली. तोंडावर पदर, डोळ्यांत पाणी, खांदे गदगदा. मग खुशाल भिंतीवरून घसरला. मग कन्हैयालालांची मिशी हलू लागली, आणि ते हसले तसं अंगण मोकळं झालं. भुवनेश्वर मात्र पडद्याकडे पाहत राहिले. त्यांनी स्वतःला मागून कधी पाहिलं नसावं.

"पण बटन कोणी दाबलं?" टिकेश म्हणाला. त्याला हसू येत नव्हतं. "मी आन घेतली होती."

मी तोंड उघडणार, तोच चेतना पुढे आली.

"मी दाबलं."

६

हसणारे थांबले. टिकेशनं लॅपटॉपवरचा हात काढून घेतला, जणू भाजला. तो तिच्याकडे पाहत होता, आणि मला त्याचा राग आला, कारण तो खरंच आन पाळणार होता. हा चौथीत असतानाही असाच हट्टी होता.

"एक फोटो राहिला," चेतना म्हणाली. "काल बाई गेल्यावर मी नापासमधले सगळे पाहिले. एकशे चाळीस. बाकी जिथं जिथं भुवनेश्वरजी आहेत, तिथं त्याइची पाठ आहे. यात नाही."

तिनं पुढे वाकून स्वतःच बटण दाबलं. टिकेशनं अडवलं नाही.

विदाईचा फोटो होता. गाडीचं दार उघडं, योगेश्वरीचा अर्धा शालू कडेला, बाकी सगळं हललेलं. आणि मधोमध, अगदी समोर, भुवनेश्वर. तोंड वेडंवाकडं झालेलं, डोळे गच्च मिटलेले, दोन्ही गालांवरून पाणी, नाकातून पाणी, एक हात निघालेल्या गाडीकडे पसरलेला. लहान पोरासारखे रडत होते. मान एकदम सरळ होती. रुसवा कुठंच नव्हता.

योगेश्वरी सहा वर्षांची होती तेव्हा हे या घराचे जवाई झाले. सासुरवाडीला आले की सायकलवर बसवून तिला शाळेत ते सोडायचे, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. मशीनला त्यातलं काय कळणार? त्यानं डोळे मिटलेले पाहिले आणि नापास केलं.

कन्हैयालालांनी चष्मा काढून पुसला. ओमेश्वरीनं नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"हा टाकू नका," भुवनेश्वर म्हणाले.

"हाच टाक," ओमेश्वरी म्हणाली. "पूर्ण पानभर टाक. पहिल्या पानावर."

भुवनेश्वर टिकेशकडे वळले.

"एकशे चाळीस फोटोंतून हा कोणी शोधला?"

"हिनं," टिकेश म्हणाला.

"तुले सापडला असता?"

टिकेशनं विचार केला. त्याचे कान तांबडे झाले. "नाही जी. मी तं नापासवालं फोल्डर डिलीट करून राहिलो होतो, जागा कमी आहे म्हणून. हिनं करू नाही दिलं."

"मंग तुही आन मागं घे. तुह्या आईले मी समजावतो. माहं पान हीच करंल, नाही तं अल्बम घेणार नाही."

टिकेश उठला. त्यानं लॅपटॉप स्टुलावरच राहू दिला आणि आपली खुर्ची चेतनाकडे फिरवली. ती बसली. पाठ ताठ झाली. तिनं फोटो मोठा केला, इतका की अंगणभर जवाईंचं रडणं झालं, आणि माउसवर बोट ठेवून विचारलं,

"नाक पुसू का जी?"

"पूस," भुवनेश्वर म्हणाले. "पण हातानं पूस. त्या बटनाले हात नको लावू."

ती नाकापाशी वाकली आणि एक एक ठिपका पुसू लागली. आम्ही सगळे तिच्यामागे गोळा झालो, आणि जवाई सगळ्यांच्या पुढे उभे राहून ती नीट पुसते की नाही ते पाहत होते.